हिमालयनचं सस्पेन्शन: पुढचं घरी केलं, मागचं डीलरकडं दिलं

गाडी हिमालयन ४११, म्हणजे रॉयल एनफील्डची मोटारसायकल. मी गुरांचा डॉक्टर. फुलेवाडी नाका सोडला की बालिंगा, कळे, साळवण, असळज करत गगनबावड्यापर्यंत माझा भाग. वजन ९२ किलो, वर मागच्या कॅरियरवर औषधांची पेटी आणि गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रांची नायट्रोजनची टाकी. पावसाळ्यात त्या रस्त्याचं काय होतं ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसायची, खड्ड्यात पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि ऑइल असलेल्या दोन नळ्या) खाडकन तळाला टेकायचा. टाकी आदळली की माझ्या पोटात गोळा यायचा.

आधी इथल्याच एका शोरूमला विचारलं. ऑइल आणि सील बदलून देतो म्हणाले. माझं वजन किती, मागं सामान काय असतं, हे कुणी विचारलं नाही. बाहेरून आणलेली स्प्रिंग बसवणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. वॉरंटीतल्या गाडीसाठी ते बरोबरच आहे. माझी वॉरंटी कधीच संपली होती.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यातच लोकांचे पैसे जातात. फोर्क फार बसतोय म्हटलं की जाड ऑइल घालायचा सल्ला सर्रास मिळतो. जाड ऑइलनं फोर्कची हालचाल मंदावते, वजन पेलायची ताकद येत नाही. वजन स्प्रिंगच पेलते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला तरी स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त थोडी उंच उभी राहते. म्हणून आधी मोजा. चाक अधांतरी असताना फोर्कची नळी किती दिसते आणि तुम्ही सामानासकट बसल्यावर किती दिसते, यातला फरक म्हणजे सॅग. हिमालयनच्या पुढच्या फोर्कची चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त दबण्याचं अंतर, २०० मिमी. त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ६० ते ६५ मिमी सॅग आला पाहिजे. नळीवरचं रबरी आवरण (गेटर) वर सरकवून मोजायचं. माझा त्याच्या कितीतरी पुढं गेला होता, म्हणजे स्प्रिंगच कमी पडत होती. या मोजमापाला पट्टी आणि धरायला एक माणूस लागतो, रुपया लागत नाही.

मग वजनाप्रमाणं कडक स्प्रिंगांची जोडी मागवली आणि रविवारी काम काढलं. गाडी मेन स्टँडवर, इंजिनाखाली जॅक. ब्रेकचा कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) सोडला की दोरीनं बांधून ठेवा, ब्रेकच्या पायपावर लोंबकळू देऊ नका. फोर्क काढण्याआधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून फोर्कचं टोपण तिथंच थोडं सैल करा. फोर्क बाहेर आल्यावर ते हातात फिरतच राहतं. शेवटचे आटे सोडताना तोंड बाजूला ठेवा, आत स्प्रिंग दाबलेली असते.

जुनं ऑइल काळपट, करड्या चिखलासारखं निघालं. नवं ओतताना नुसतं मापट्यानं ओतून भागत नाही. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, हवा निघेपर्यंत वरखाली हलवलेला, आणि मग वरच्या कडेपासून ऑइल किती खाली आहे ते मोजायचं. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. मी सिरिंजला सलाइनची नळी जोडली, नळीवर मापाची खूण केली आणि जास्तीचं ऑइल ओढून घेतलं. इतकं अचूक काम दुसऱ्या कशानं होत नाही. सील ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, लेथवर तोंडं सरळ करून घेतला. स्प्रिंगवर बसणारे ॲल्युमिनियमच्या नळीचे तुकडे, म्हणजे स्पेसरही तिथंच कापून घेतले. शोरूमनं सांगितलेल्या लेबरपेक्षा हा खर्च बराच कमी पडला.

मागचा शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) मात्र घरी उघडू नका. हे मी कळकळीनं सांगतोय. आत दाबानं गॅस भरलेला असतो, तो पुन्हा भरायला नायट्रोजनचा सिलिंडर आणि गेज लागतो. माझ्याकडचा द्रवरूप नायट्रोजन त्या कामाचा नाही. मी पुण्याच्या एका सस्पेन्शन डीलरकडून नवा शॉक घेतला आणि लेबर देऊन तिथंच बसवला. त्यानं मला टाकी-पेटीसकट गाडीवर बसवून मोजलं, वजनाप्रमाणं स्प्रिंग निवडली, रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग) सोडून-आवळून दोनदा चक्कर मारायला लावली. शॉकला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या लिंकेजची बेअरिंगं साफ करून ग्रीसही भरलं. पैसे चांगलेच गेले, पण एक रुपया जास्त वाटला नाही. आता असळजच्या पुढं भरल्या गाडीवर ब्रेक मारला तरी हँडल जागचं हलत नाही.

उद्यमनगरात जाणार असाल तर जुना स्पेसर आणि नवी स्प्रिंग दोन्ही बरोबर न्या. तोंडी मापावर तिथला चांगला कारागीर काम घेत नाही, आणि बरोबरच करतो.