पायथनचा नवा संवादी कन्सोल : वर्गातला अनुभव

कोथरूडमध्ये शनिवार-रविवारी मी महाविद्यालयीन मुलांना पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवतो, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीतील नवा संवादी कन्सोल (कोड लिहिताच त्याचे उत्तर तिथेच दाखवणारी खिडकी) आता आमच्या नेहमीच्या वापरातला झाला आहे. पूर्वी सहा ओळींच्या फंक्शनमध्ये एखादा कंस राहिला, की वरचा बाण दाबून एकेक ओळ परत आणावी लागे. आता तोच बाण अख्खे फंक्शन इंडेंटेशनसकट, म्हणजे ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेसकट, समोर ठेवतो आणि चुकलेल्या ओळीवर जाऊन तेवढीच दुरुस्ती करता येते. "सर, सगळं परत टाइप करायचं का?" हा प्रश्न त्यामुळे जवळजवळ ऐकू येईनासा झाला आहे, आणि माझ्या मते एवढ्या एका सोयीसाठीही आवृत्ती बदलणे सार्थ ठरते.

एफ-२ दाबल्यावर दिसणारा इतिहास उत्तरे आणि प्रॉम्प्टची (ओळीच्या सुरुवातीला कन्सोल दाखवतो ती) चिन्हे वगळून केवळ लिहिलेला कोड दाखवतो, त्यामुळे मुलांना तो थेट वहीत उतरवता येतो. त्रुटीसंदेशही रंगीत झाले आहेत. लिहीत असलेल्या कोडला मात्र रंग मिळाले ते ३.१४ मध्ये. काही लॅपटॉपवर एफ-२सारख्या कळांसाठी एफएनची कळ सोबत दाबावी लागते, हे नवशिक्यांना आधीच सांगून ठेवावे.