घरच्या टोमॅटोसाठी सरळ वाण की संकरित?

परसात किंवा गच्चीवर टोमॅटो लावायचे ठरले की रोपवाटिकेत पहिला प्रश्न हाच येतो: सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी धरलं तर पुढेही तसंच झाड येतं ते, की दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून काढलेलं संकरित? मी दोन्ही लावली आहेत. विचारणाऱ्याला चव हवी आहे, असं धरून लिहितोय. विकायचे असतील तर हिशेब वेगळा, आणि उत्तर बहुधा संकरितच.

संकरिताची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. आपल्याकडे पांढरी माशी आली की तिच्यामागून पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग येतो. शेंड्याची पानं आवळून वर वळली, झाड खुजं राहिलं, की त्याच्याकडून फारशी आशा ठेवायची नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतं. फळ ९० ते १०० ग्रॅमचं, घट्ट, तोडल्यावर १५ ते २० दिवस टिकणारं. पुसा रूबी, म्हणजे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं जुनं सरळ वाण, या बाबतीत त्याच्या जवळपासही येत नाही.

तरीही माझा कौल फिरला तो किरकोळ वाटणाऱ्या एका गोष्टीमुळे: साल. सगळी संकरित वाणं सारखीच असं मी म्हणणार नाही, पण मी लावलेल्या बहुतेकांत हेच झालं. टोमॅटो आमटीत घातला की गर विरघळतो, साल तशीच राहते. उकळी आली की ती गरापासून सुटते, तिच्या घट्ट सुरळ्या होतात आणि वर तरंगतात. भात कालवला की दिसत नाहीत, घासात मात्र बरोबर लागतात. टाळ्याला चिकटतात, लहान मुलं तर बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवतात. सार करायचं तर टोमॅटो उकडा, सोला, वाटा, पुन्हा गाळा, एवढं करून चोथा उरतोच. सणावारी ठीक आहे, रोज कोण करणार? पुसा रूबीच्या चार फोडी फोडणीत टाकून झाकण ठेवलं की थोड्या वेळाने साल कुठली नि गर कुठला हे ओळखू येत नाही. कोशिंबिरीत ती दाताखाली चटकन फुटते आणि रस दाण्याच्या कुटात मुरतो. सालीची जाडी मी काही मोजलेली नाही. पण ज्यांच्या घरी रोज आमटी-भात होतो, त्यांना ती मोजावी लागणार नाही.

ही जाड साल मुद्दाम आणलेली आहे. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून माल क्रेटमध्ये भरून लांब परराज्यांत जातो. रंग फुटताच तोडलेलं फळ वाटेत दबू नये, चिरू नये, म्हणून जाड साल, जाड भिंत, आतले कप्पे कमी, अशी निवड होत गेली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती योग्यच आहे. फक्त टोमॅटोचा आंबटपणा आणि त्याची खास रुची बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात जास्त असते, आणि नेमका तोच कमी झाला. फळ आडवं कापून पाहा. संकरितात दोन-तीन कप्पे, बाकी सगळी मांसल भिंत. पुसा रूबीच्या चपट्या, किंचित पन्हळी पडलेल्या फळाला सुरी लावली की खाली थेंब ओघळायला लागतात.

देठाजवळच्या हिरव्या खांद्यांचीही अशीच गोष्ट आहे. एकसारखं लाल पिकणारं फळ दिसायला बरं, म्हणून पैदासकारांनी कित्येक दशकं हिरवे खांदे नसलेली झाडं निवडली. २०१२ मध्ये उलगडलं की त्या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक निकामी झालं होतं, आणि त्याबरोबर फळात तयार होणारी थोडी साखरही गेली. तेव्हा घरच्या फळाला हिरवा खांदा दिसला तर नाक मुरडू नका.

यात संकराचा दोष नाही, निवड कशासाठी केली याचा आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली या शास्त्रज्ञांनी चवदार जुन्या वाणाचा व्यापारी वाणाशी संकर करून ‘गार्डन जेम’ काढलं. साखर वाढवायला गेलं की फळ लहान होत जातं. सुवासाची द्रव्यं मात्र इतकी अल्प लागतात की ती वाढवली तरी उत्पादनाला झळ बसत नाही, हा त्यांचा मुद्दा मला फार पटतो. असं संकरित वाण आपल्या बाजारात मिळालं तर मी आनंदाने लावीन.

तोवर सरळ वाणाकडे आणखी एक गोष्ट आहे. संकरिताचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं वेगवेगळी निघतात. सरळ वाणात टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःचंच परागण करून घेतं, त्यामुळे बी आईवर जातं. नुसतं चांगलं फळ बघून बी धरू नका, झाड बघा: ज्याची सगळी फळं चवीला उतरली आणि ज्याला रोग कमी लागला, तेच. गर दोन-तीन दिवस आंबवून बी धुवा आणि सावलीत वाळवा. दरवर्षी असं केलं की वाण हळूहळू तुमच्या मातीचं होतं.

गच्चीवर दोनच कुंड्या असतील, किंवा आजूबाजूला पर्णगुच्छ कायमचा असेल, तर संकरित घ्या. हाती काही न लागण्यापेक्षा ते बरं. जागा थोडी जास्त असेल तर माझ्या मते सरळ वाणच, सोबत विम्यापुरती एक-दोन संकरित झाडं. रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात टाका, कारण थंडीतल्या फळाची चव उन्हाळ्यातल्या फळाला येत नाही. पिकलेली फळं फ्रिजमध्ये ठेवू नका, १२ अंशांखाली सुवास मरतो. आणि पाकीट घेताना त्यावर ‘एफ-१’, म्हणजे संकरित, असं लिहिलेलं नाही ना, हे बघून घ्या. पुसा रूबी मिळालं नाही तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं धनश्री विचारा.