आयएसएल २०२३-२४, अख्खा मोसम पाहिल्यावर: सगळं मिळालं, देशी नऊ नंबर सोडून

इंडियन सुपर लीग, म्हणजे भारताची फुटबॉल लीग, २१ सप्टेंबर ते ४ मे. साडेसात महिने, बारा संघ, प्रत्येकी २२ सामने आणि वर प्लेऑफ. जिओसिनेमावर फुकट होतं, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्न नाही. वेळ मात्र वसूल झाला. तरी एक गोष्ट, देशी नऊ नंबरची म्हणजे मधल्या मुख्य स्ट्रायकरची उणीव, जानेवारीपासून डोक्यातून जात नाही, आणि इथली निम्मी जागा तीच खाणार आहे.

जानेवारीत लीग थांबली आणि भारत कतारला आशियाई चषक खेळला. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, एकही गोल नाही. आघाडीला तेव्हाही ३९ वर्षांचा सुनील छेत्री. त्याच्यानंतर कोण, हे शोधायला लीगकडेच पाहावं लागतं.

तिथे काय दिसतं? सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट केरळा ब्लास्टर्सच्या डायमंटाकोसला, १३ गोल. ओडिशाच्या रॉय कृष्णाचेही तेवढेच. मुंबईत पेरेरा डियाझ, मोहन बागानमध्ये कमिंग्ज आणि सादिकू, गोव्यात कार्लोस मार्टिनेझ, ईस्ट बंगालमध्ये क्लेटन सिल्व्हा. भारतीयांत सगळ्यात पुढे मुंबईचा छांगते, १० गोल, आणि तो विंगर, म्हणजे कडेने खेळणारा. मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात, म्हणून प्रशिक्षक ते मधल्या कण्यावर खर्च करतो: एक सेंटर बॅक, एक-दोन मध्यफळीत आणि एक स्ट्रायकर हमखास. विंग, फुलबॅक आणि गोलपोस्ट उरतात भारतीयांना, आणि माणसं तिथेच तयार होतात. मुंबईच्या फुर्बा लाचेन्पाने याच मोसमात सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह घेतला तो उगाच नाही. मनवीर सिंगसारखा मूळचा स्ट्रायकर बागानमध्ये उजव्या टचलाइनला धावतो.

हा फरक किरकोळ नाही. विंगर समोर बघून पळतो. नऊ नंबरला गोलकडे पाठ करून, सेंटर बॅकचा सगळा भार पाठीवर घेऊन चेंडू थांबवायचा असतो; सहकारी वर येईपर्यंत दोन-तीन सेकंद धक्के खात उभं राहायचं आणि मगच वळायचं. पाय नेमका कुठे रोवायचा, कोपर किती बाहेर काढलं की फाउल होतो, हे सामन्यांतच कळतं. शेवटच्या दहा मिनिटांसाठी उतरून ते अंगी येत नाही.

परदेशी कमी करा, प्रश्न सुटेल, असं मलाही वाटायचं. हैदराबादने ते मत बदललं. आर्थिक अडचणीत बहुतेक परदेशी निघून गेल्यावर हा संघ मुख्यतः देशी पोरांवर खेळला आणि २२ सामन्यांत एक विजय, ८ गुण यावर थांबला. मागून चेंडू पुरवणारं कोणी नसेल तर पुढचा पोरगा नुसता पळत राहतो. त्यापेक्षा ड्युरँड आणि सुपर कप या देशातल्या इतर स्पर्धांमध्ये चांगल्या परदेशी मध्यफळीपुढे नऊ नंबरची जागा भारतीयाला राखून ठेवा. तेवढं लगेच करता येईल.

बाकी मोसमाबद्दल. २० डिसेंबरला मुंबई-बागान सामन्यात सात लाल कार्डं निघाली. त्या आठवड्यात गुण द्यायचे असते तर पाचपैकी दोन दिले असते. व्हीएआर (व्हिडिओ पाहून निर्णय) नाही, रेफरीला कोणी जुमानत नाही, आणि चेंडू खेळात कमी, भोवतीची गर्दीच जास्त. मार्चमध्ये आणखी एक घोळ. जमशेदपूर-मुंबई १-१ सुटला, पण मैदानावर किमान सात भारतीय हवेत हा नियम जमशेदपूरने मोडला होता, म्हणून निकाल मुंबईच्या बाजूने ३-०. मुंबईला दोन गुण जास्त मिळाले. ते नसते तर शेवटच्या साखळी सामन्यात मुंबई आणि बागान दोघेही ४५ गुणांवर उतरले असते. प्रत्यक्षात मुंबई ४७वर होती आणि तिला बरोबरी पुरत होती. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर बागानने २-१ने जिंकून ४८ गुणांवर शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या आलेल्याची ढाल, नेली. असा शेवट ठरवूनही जमत नाही.

मग २४ एप्रिल, गोव्यातलं फातोर्डा, मुंबईविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना. बोरिस आणि ब्रँडन यांच्या गोलांवर एफसी गोवा २-० पुढे, घड्याळ नव्वदीला. ९०व्या मिनिटाला छांगते. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगते, ३-२. बचावफळी चेंडू लांब मारायच्या ऐवजी मागे सरकत गेली, बॉक्सच्या कडेला जागा मोकळी सुटली आणि दोन विंगर तिथून आत घुसले. गोवेकरांना हे पुन्हा वाचायला नको असेल, पण माझे दोन गुण चारवर गेले ते या सहा मिनिटांमुळे. तिन्ही गोल भारतीयांचे. क्षणभर वाटलं, नऊ नंबरचं रडगाणं बंद करावं.

अंतिम सामना, ४ मे, पुन्हा सॉल्ट लेक, बागानविरुद्ध मुंबई ३-१. गोल करणारे: कमिंग्ज, डियाझ, बिपिन सिंग, वोयतुस. तीन परदेशी स्ट्रायकर आणि एक भारतीय विंगर.