"त्यांना न सांगता दारू सोडवा" वाल्यांपासून सांभाळा, आमच्या वहिनीचा अनुभव

फेसबुकवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, कुठे ना कुठे तुम्ही ही जाहिरात बघितली असेलच, "दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता, १०० टक्के आयुर्वेदिक, जेवणातून द्या" आणि खाली मोबाईल नंबर. हे लोक नक्की कसं फसवतात आणि त्यात माणसाच्या जिवावर कसं बेततं हे आमच्या घरात घडलंय म्हणून सविस्तर लिहितेय. वहिनीला विचारूनच लिहितेय, तीच म्हणाली लिही, कुणाचं तरी घर वाचेल. नावं गावं मुद्दाम टाकलेली नाहीत. मोठं झालंय पण घरात पिणारं माणूस असेल तर पूर्ण वाचा.

दादा साखर कारखान्यात आहे. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज संध्याकाळी एक क्वार्टर, आणि गेली दोन-तीन वर्षं तर सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेतल्याशिवाय ब्रश पण हातात धरता येत नव्हता. वहिनीचं कानातलं पतसंस्थेत गेलं ते गेलंच. आई पेन्शनचे पैसे ज्वारीच्या डब्यात लपवायची. पुतण्या दहावीला, बापाची गाडी गल्लीत वळल्याचा आवाज आला की हा दप्तर उचलून शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला. आणि बाहेर कुणाला एक शब्द बोलायचा नाही, कारण भावकीत नाव जातं, पुढं पोराचं लग्न जमवायचंय. दवाखान्यात चल म्हटलं की दादा भडकायचा, मी काय बेवडा आहे का, माझ्या पैशाची पितो.

अशा घरात बाई रात्री अकराला मोबाईल घेऊन बसलेली असते तेव्हा ती जाहिरात समोर येते. त्यात एक बाई रडत रडत सांगते की माझे मालक आता दारूकडे बघत पण नाहीत, आणि त्यांना अजून माहिती नाही मी काय दिलं ते. वहिनीनं नाव नंबर भरला. दहा मिनिटात फोन. "डॉक्टर मॅडम" बोलतेय म्हणे. आवाज इतका गोड की वहिनी म्हणते माहेरचं माणूस बोलावं तशी बोलत होती. देशी पितात की इंग्लिश, दिवसाला किती, मारतात का, मुलं किती, झोपतात का, सगळं विचारलं. वहिनीनं जे स्वतःच्या आईला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. हे नीट लक्षात घ्या, कारण हीच माहिती नंतर तिच्याविरुद्ध वापरली गेली.

पहिला डबा २,८०० रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. कुरियरवाला पैसे घेतल्याशिवाय पार्सल उघडू देत नाही. आत पांढऱ्या पावडरच्या पुड्या, डाळीत नाहीतर भाजीत मिसळा, वास नाही चव नाही. डब्यावर झाडपाल्याचं चित्र आणि किंमत, बस्स. आयुर्वेदिक औषधावर सुद्धा लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि आत काय काय घातलंय ते छापावंच लागतं. इथं यातलं काहीच नव्हतं. कुरियरच्या चिठ्ठीवर परराज्यातल्या कुठल्यातरी गोडाऊनचा पत्ता होता.

आठवड्यात फोन आला, "सरांनी तुमची केस बघितली, नशा जुनी आहे, पॉवर वाढवावी लागेल", ६,५०० रुपये, आता कॅश ऑन डिलिव्हरी नाही, गुगल पे करा. मग लिव्हर शुद्धीचा वेगळा डबा. वहिनीनं पैसे नाहीत म्हटल्यावर गोड आवाज बदलला. "ताई कोर्स अर्धवट सोडला तर औषध उलटतं, मिस्टरांना काय झालं तर जबाबदारी तुमची, आणि त्यांना न सांगता तुम्ही जेवणात मिसळलंय, याचं रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे." बघा म्हणजे, न सांगता द्या असं यांनीच शिकवायचं आणि मग त्याच गोष्टीवरून धमकवायचं. तिनं भिशीचे पैसे उचलून पाठवले. वहिनीला अडाणी म्हणणारे आमच्या पाहुण्यांत पण निघाले, त्यांना मी स्पष्ट सांगते, ती बारावी सायन्स आहे आणि रोज संध्याकाळी मार खाण्याच्या भीतीत जगणाऱ्या बाईनं हाताला लागेल ते धरलं, तिच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

आता पावडरचं. दादाला जेवणानंतर पिताना चेहरा लालबुंद व्हायचा, छातीत धडधड, डोकं फुटायला लागायचं, उलट्या. वहिनीनं घाबरून फोन केला तर म्हणे "छान, विष बाहेर पडतंय, डोस चालू ठेवा". दादाला वाटलं ॲसिडिटी, म्हणून चार दिवस कमी प्यायला आणि वहिनीला वाटलं गुण आला. मग एका रात्री कारखान्यातल्या मित्रांबरोबर भरपूर पिऊन आला आणि अंगणातच पडला. घामानं भिजलेला, बीपी लागत नव्हतं. ग्रामीण रुग्णालयातून तसंच ॲम्ब्युलन्सनं जिल्ह्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, याला कुठलं औषध चालू आहे का. वहिनीनं पर्समधून पुडी काढून दिली म्हणून पुढचं लवकर झालं. डॉक्टर म्हणाले लक्षणं डायसल्फिरामसारखी दिसतायत. पुडीची लॅब तपासणी आमच्याकडे नाही, त्यामुळे आत तेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण हे औषध काय आहे ते प्रत्येक घरानं समजून घ्यावं. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, गेली सत्तरपेक्षा जास्त वर्षं डॉक्टर ते वापरतात. दारू पोटात गेली की लिव्हरमध्ये तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग शरीर ते पुढं मोडून टाकतं, हे औषध ते पुढचं मोडणंच थांबवतं. म्हणजे विष अंगात साठत जातं, चेहरा लाल, धडधड, उलटी, बीपी खाली, आणि ज्याचं हृदय कमजोर त्याचा जीव पण जाऊ शकतो. म्हणून नियम असा की आधी तपासण्या करायच्या, रुग्णाला सगळं समजावून सांगायचं, त्याची संमती घ्यायची आणि मगच गोळी द्यायची. त्याला बजावलेलं असतं की दारूच काय, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध पण घ्यायचं नाही. गोळी बंद केल्यावरसुद्धा दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. ज्या माणसाला माहीतच नाही तो बिचारा बार मध्ये जाऊन बसणारच ना. त्यामुळे न सांगता देणं हे उपचारात बसतच नाही, तो विषप्रयोग आहे.

दवाखान्यातली तिसरी रात्र आम्ही कुणीच विसरणार नाही. दारू एकदम बंद झालेली, दादा अंगावरचे उंदीर झटकायला लागला, जे तिथं नव्हतेच. मेलेल्या काकांशी बोलत होता, सलाईन ओढून काढली. आई म्हणाली कुणीतरी करणी केली, देवऋषी बघा. सिस्टरांनी आईला बसवून समजावलं की याला डिलीरियम म्हणतात, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांनी होतं, त्याआधी फिट पण येऊ शकते, आणि औषध मिळालं नाही तर माणूस दगावतो. दारू तुटल्याचा त्रास आवरणारं लिब्रियम आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं चालू होती, चार दिवसांनी माणूस ताळ्यावर आला. म्हणूनच जी माणसं "घरात कोंडून ठेवा, आपोआप सुटेल" म्हणतात त्यांचं ऐकू नका. सकाळी थरथर होऊन प्यावी लागणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरच्या नजरेखालीच तोडायची.

इकडे आम्ही दवाखान्यात आणि तिकडे वहिनीच्या फोनवर "रिफंड डिपार्टमेंट". तुमचे सगळे पैसे परत मिळणार, फक्त १८ टक्के जीएसटी आधी भरा, आणि हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. तिनं स्कॅन केला आणि खात्यातले उरलेले नऊ हजार पण गेले. पैसे यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच, हे घरातल्या प्रत्येक बाईला, म्हाताऱ्या माणसाला पाठ करून घ्या.

नंबर त्यांनी पुढं विकला असणार, कारण मग एका "व्यसनमुक्ती केंद्रा"चा फोन आला. गाडी पाठवतो, चार पोरं येतात, झोपेतून उचलतात, तीन महिने भेटायचं नाही, पॅकेज एवढं एवढं. रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर फोन कट. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारूचं व्यसन पण येतं, केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल तरच त्याच्या मनाविरुद्ध दाखल करता येतं, ते पण डॉक्टरांनी तपासून, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीनं बांधणं तर पूर्ण बेकायदा आहे.

पैशापेक्षा मोठं नुकसान मात्र वेगळंच झालं. दादाला डॉक्टरांसमोर सगळं कळलं, आणि घरी आल्यावर तो वहिनीच्या हातचं जेवेना. ताटातला पहिला घास तिनं खायचा, मग हा जेवणार. स्वतःची पाण्याची बाटली वेगळी. अठरा वर्षांचा संसार, मारहाण सोसून पण जी बाई थांबली होती तिच्यावर हा संशय. समुपदेशक मॅडमनी दोघांना समोरासमोर बसवून खूप बोलतं केलं. दादानं पहिल्यांदाच मान्य केलं की तुझी एवढी दशा मी केली. ते बोलणं आधी व्हायला हवं होतं, आणि त्या जाहिरातीची सगळी गंमत हीच आहे की ती नेमकं हेच बोलणं टाळायची सोय विकते, नवऱ्याशी भांडण नाही, डॉक्टरची पायरी नाही, गावात बोभाटा नाही. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय सर्व्हेत आलंय की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात. बाकीच्या ३७ घरांवर यांचा धंदा चालतो.

आणि खरी मदत एवढी दुर्मिळ पण नाहीये. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, दादाचा तिथला खर्च त्या डब्यांच्या पावपट पण झाला नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायचा गट, त्यांच्या मीटिंगा तर बऱ्याच गावांत होतात, फी एक रुपया नाही, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. पिणारा यायला तयार नसेल तरी घरच्यांनी एकटं जाऊन बोलता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, १४४१६ मानसिक आरोग्याची टेलिमानस. यातलं कुणीही तुम्हाला गॅरंटी देणार नाही, आणि गॅरंटी देत नाही म्हणूनच विश्वास ठेवा. दादा गणपतीत एकदा घसरला, पण दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरांकडे गेला. आता मीटिंगला जातो, घरात जेवतो.

तक्रार केली आहे. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकं खातं गोठवणं अवघड, आमचे मिळालेले नाहीत. डबा, पुड्या, कुरियरची चिठ्ठी, पेमेंटचे स्क्रीनशॉट, कॉलचे नंबर, काही फेकू नका. औषधाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि आत्ता हे वाचताना कुणाच्या स्वयंपाकघरात असा डबा असेल तर आजपासून जेवणात घालणं बंद करा, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काय दिलं, किती दिवस दिलं ते खरं सांगा. पिणाऱ्याला पण सांगावं लागेल, कारण पुढचे दोन आठवडे त्यानं प्यायली तर त्रास होऊ शकतो. एकटीनं सांगायची भीती वाटत असेल, तो हात उचलणारा असेल, तर डॉक्टरांसमोर सांगा, बरोबर भाऊ, दीर, कुणीतरी न्या. चेहरा लाल, धडधड, चक्कर दिसली तर वाट न बघता १०८ ला फोन करा.