घड्याळदुरुस्तीचा स्वस्तातला संच: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतर

काळ्या झिपच्या पाऊचमधला, चारशेच्या आसपास मिळणारा घड्याळदुरुस्तीचा संच बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्यात स्क्रूड्रायव्हर, झाकण उघडायची सुरी, झाकण दाबायचा प्रेस, पट्ट्याच्या पिना असं सगळं येतं. इथे तो वापरला एचएमटी जनता या जुन्या मनगटी घड्याळावर. चावीचं मशीन, १७ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), अ‍ॅक्रिलिकची काच, दाबून बसणारं झाकण. एचएमटीने १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं काढायला सुरुवात केली, आणि २०१६ साली सरकारने हा घड्याळांचा धंदा गुंडाळायचं ठरवलं. आता सुटा भाग हवा असेल तर बंद पडलेलं दुसरं घड्याळ शोधायचं. अशा मशीनमधला एक स्क्रूसुद्धा खराब झालेला परवडत नाही, आणि संचाची खोट नेमकी तिथेच आहे.

स्क्रूड्रायव्हर अगदी टाकाऊ. पाती इतकी मऊ की ०.८ आणि १.० मिमीची पाती घट्ट स्क्रू हलायच्या आधी स्वतःच पिळवटतात. १.२ म्हणून दिलेलं पातं व्हर्नियरने मोजलं तर १.३५ मिमी भरतं, म्हणजे स्क्रूच्या डोक्याबाहेर येऊन शेजारची पट्टी खरवडतं. टोक पाचरीसारखं असल्याने खाचेच्या वरच्या कडेवरच टेकतं आणि जोर लावला की सटकतं. सटकलं की मशीनवर चकचकीत ओरखडा, आणि नशीब वाईट असेल तर बॅलन्सची, म्हणजे डोलणाऱ्या चाकाची, केसासारखी बारीक कमान (स्प्रिंग) वाकते.

पातं घासून घ्यावंच लागतं. धार लावायच्या बारीक दगडावर तेलाचा थेंब टाका, टोक आधी काटकोनात सपाट करा, मग दोन्ही बाजू टोकापाशी जवळजवळ समांतर होईपर्यंत घासा. रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी किंवा केसभर कमी. जाडी अशी हवी की पातं खाचेत डुगडुगणार नाही आणि तळालाही टेकणार नाही. एवढं केल्यावर काम चालतं, पण मऊ लोखंड ते मऊच. पाच-सहा स्क्रू झाले की पुन्हा दगडाकडे.

सगळ्यात जास्त त्रास चावीची दांडी सोडवताना. दांडी धरून ठेवणारा छोटा स्क्रू मागच्या बाजूने, दांडीच्या अगदी जवळ असतो. तो एक, फार तर दीड फेरा सैल करायचा आणि चावी हलक्या हाताने ओढत राहायची. दांडी आली की थांबायचं. पूर्ण काढला तर आतली तरफ डायलच्या बाजूला निसटते, मग काटे आणि डायल उतरवल्याशिवाय ती जागेवर येत नाही. मऊ पात्याने हा अंदाजच येत नाही, कारण फिरलं ते पातं की स्क्रू, हे बोटाला कळत नाही. आणखी एक: चावीजवळच्या दातेरी चाकाचा स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने सोडवायला जाल तर तो आणखी आवळला जाईल आणि डोकं तुटेल.

झाकण उघडायच्या सुरीबद्दल आधीचं मत वाईट होतं. पातं जाड, कडेत शिरतच नाही. तेही त्याच दगडावर पातळ केलं आणि आता तक्रार नाही. झाकणाच्या कडेला नखाएवढी खाच असते, सुरी तिथेच लावायची आणि ढकलण्याऐवजी पिळायची. याउलट, झाकण दाबायचा प्रेस सुरुवातीला संचातली सर्वांत कामाची वस्तू वाटला होता. आता तो कपाटात आहे. त्याच्या प्लॅस्टिकच्या चकत्या एका पातळीत बसत नाहीत, झाकण तिरकं जातं आणि सगळा दाब काचेवर येऊन तिला बारीक तडे पडतात. या घड्याळाचं झाकण कापडावर उपडं ठेवून दोन अंगठ्यांनी दाबलं तरी टक् करून बसतं.

साताऱ्याच्या पावसात हे घड्याळ घालायचंच असेल तर सुरी हाताशी ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आलं की काचेच्या आत वाफ धरते. पाणी शिरतं ते मुख्यतः चावीच्या भोकातून. झाकण काढा आणि घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. तांदळात अजिबात नाही, त्याची पूड मशीनमध्ये जाते. हेअर ड्रायरही नको. उशीर केला तर आधी दांडी गंजते.

पुन्हा स्क्रूड्रायव्हर. ही पाती चुंबकीय होऊन येतात, बारीक स्क्रू त्यांना चिकटतात. अनेकांना ती सोय वाटते, पण तेच पातं कमानीजवळ नेलं तर कमानीतही चुंबकत्व उतरतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. घड्याळाचं मागे-पुढे पळणं जुळवायच्या तरफेला हात लावण्याआधी होकायंत्र घड्याळाजवळ धरा. सुई डुलली तर चुंबकत्व काढायची निळी डबी वापरा. वस्तू जवळ धरून बटण दाबायचं, दाबूनच ठेवत वस्तू हातभर लांब न्यायची, मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच सोडलं तर सगळं मुसळ केरात. पातीही याच डबीतून काढा.

काचेच्या ओरखड्यांना संच लागतच नाही. कडेला चिकटपट्टी लावून पांढऱ्या टूथपेस्टने कापडावर दोन-तीन मिनिटं घासा, खोल ओरखड्याला आधी १००० आणि मग २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर. तडा मात्र घासून जात नाही. पट्ट्याच्या पिना संचात पुष्कळ आहेत, पण घामाने त्यांना लगेच तांबेरा चढतो. स्टेनलेसच्या वेगळ्या घ्या.

फक्त १.२ चं पातं बदलून मागितलं तर विक्रेता म्हणतो, अख्खा संच परत पाठवा आणि पाठवायचा खर्च तुमचा. तो खर्च दुसऱ्या कंपनीच्या कडक पोलादाच्या पात्यांच्या पाकिटापेक्षा जास्त होतो. पाकीट घेताना पात्याच्या मागच्या, मुठीत बसणाऱ्या दांड्याची जाडी मोजून घ्या. या संचाच्या मुठीचं भोक थोडं मोठं आहे, त्यामुळे बारीक दांडा आतला पेच आवळूनही फिरतो.