आग सोमेश्वरी, पंप रामेश्वरी: एअर सस्पेन्शन कॉम्प्रेसरच्या रिपेअर किटचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, या किटवर कंपनीचं नावच नाहीये. पारदर्शक पिशवी, आत एक टेफ्लॉनची रिंग, एक स्लीव्ह, सहा ओ-रिंगा, चार स्क्रू आणि पिशवीवर मार्करने लिहिलेला पंपाचा नंबर, बास. 1,850 रुपये. मी साडेतीन स्टार देतोय. खरं तर हा निम्मा रिव्ह्यू भोसरीच्या त्या मामांचा आहे ज्यांनी हे किट बसवलं, पण गॅरेजचं नाव कुठे टाकू नका असं त्यांनी स्वतःच बजावलंय, आहे तीच गर्दी झेपत नाही म्हणाले.

गाडी म्हणजे नऊ वर्षं जुनी सेकंडहँड जर्मन एसयूव्ही, चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे आणि ते भरायला एक पंप, तोच कॉम्प्रेसर. घेतली तेव्हा सासरे म्हणालेले की हत्ती स्वस्तात मिळतो हो जावईबापू, चारा महाग असतो. मी हसलो होतो.

मे महिन्यात सकाळी गाडी चालू केली की मागून घर्रर्र आवाज यायला लागला, शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावावा तसा, आणि मिनिट-दीड मिनिटाने बंद व्हायचा. गाडी वर यायची, मी निघायचो, विषय संपला. जुलैत एका सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बघतो तर पुढचं डावं चाक अर्धं आत गेलेलं आणि गाडी गुडघा टेकून बसल्यासारखी. वॉचमनकाका म्हणाले पंक्चर आहे. डॅशबोर्डवर पिवळा मेसेज, पंप घरघरतोय पण गाडी काही उठत नाहीये.

शोरूमवाल्यांनी स्कॅनर लावला, प्रेशर हळू वाढतंय अशा अर्थाचा एरर आला, आणि दहा मिनिटांत एस्टिमेट हातात: कॉम्प्रेसर असेंब्ली बदला, 1 लाख 18 हजार, लेबर वेगळं. मी पण हुशार, तेवढे पैसे कोण देणार म्हणून ऑनलाइन 26,500 चा नवाकोरा पंप मागवला, जवळच्या मेकॅनिककडून बसवून घेतला, जुना काढलेला माळ्यावर टाकला (बायको म्हणाली भंगारात दे, मी दिला नाही, आयुष्यात एवढा एक निर्णय बरोबर आला). गाडी लगेच टुणकन वर. चार महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की बघा, एक लाख वाचवले.

नोव्हेंबरात ताम्हिणीतून येताना नवा पंप गेला. आवाजच नाही, जळका वास, आणि उरलेला सगळा रस्ता बसलेल्या गाडीतून खड्डा मोजत मोजत. विकणाऱ्याने वॉरंटी नाकारली, कारण काय तर मोटर जळलेली आहे, हा वापराचा दोष. तेव्हा जाम शिव्या दिल्या. आता वाटतं की बिचाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं.

मग ऑफिसमधल्या एकाने मामांकडे पाठवलं. मामांनी बरीच वर्षं व्होल्वो बसच्या एअर लाइनचं काम केलंय. पीएमपीची बस स्टॉपवर थांबली की फुस्स करते ना, ती सगळी हवेची भाषा या माणसाला तोंडपाठ. त्यांनी आधी स्कॅनरला हातच लावला नाही. खिशातून शिंप्यासारखा टेप काढला, चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजलं, पत्र्यावर खडूने आकडे लिहिले आणि म्हणाले, गाडी ठेवून जा. पंप बंद असल्यामुळे हवा त्यांनी बाहेरून भरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत टेप, रात्रीत कुठला कोपरा किती बसला ते बघायला: मागची दोन्ही चाकं 3 मिलिमीटर, पुढचं उजवं 6, पुढचं डावं 61.

"साहेब, पंप मेला नाही. तुम्ही मारलात त्याला. दोन वेळा."

मग नीट समजावलं, आणि हे मला शोरूमात कुणीच सांगितलं नव्हतं. बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो, दिवसभर चालायलाच बनवलेला असतो. गाडीतला हा पंप म्हणजे 12 व्होल्टवर चालणारी मुठीएवढी मोटर आणि एक पिस्टन, तो पण कोरडा, आत ऑइल नाही, टेफ्लॉनच्या रिंगवरच सगळा कारभार. थोडा वेळ चालायचं, हवा भरायची, गप्प बसायचं, एवढ्याचसाठी तो केलेला. फुग्यातून, म्हणजे एअर बेलोमधून, रात्रभर हवा गळत असेल तर रोज सकाळी आणि मग रस्त्यावर पण तो परत परत चालतो, तापतो, रिंग झिजते, प्रेशर होत नाही म्हणून अजून जास्त चालतो. आणि पुढे रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, चिकटतो. रिलेचे पॉइंट वितळून एकमेकांना धरून बसले की कंट्रोल युनिटने बंद कर सांगितलं तरी करंट चालूच, मग मोटर जळेपर्यंत फिरते. माझा नवा पंप असाच गेला. मामांनी रिलेचं झाकण उघडून दाखवलं, आत काळंठिक्कर, पॉइंट जोडलेलेच. 380 रुपयांचा रिले! नवा पंप लावला तेव्हा तो कुणी बदललाच नव्हता.

गळती शोधायला साबणाचं पाणी, पंक्चरवाल्यासारखं, फक्त स्प्रेच्या बाटलीतून. पण इथे पण गंमत आहे. गाडी लिफ्टवर टांगली की चाक लोंबतं, बेलो ताणला जातो आणि घडीतली भेग जागा सोडते, म्हणून लिफ्टवर काहीच सापडत नाही. मामांनी गाडी चाकांवरच उभी ठेवली, बॉडीखाली लोखंडी स्टँड लावले (नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही, हे दोनदा सांगितलं), स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं आणि टॉर्च मारून आत फवारा दिला. वरच्या नळीच्या जॉइंटला काही नाही. मग बोट दाखवलं, खाली जिथे रबर आतल्या बाजूला दुमडतं तिथे. केसासारख्या बारीक भेगा, आणि त्यातून पांढरा फेस हळूहळू फुगत होता, भात उतू जायच्या आधी झाकणाच्या कडेने येतो ना अगदी तसा. मी दोन मिनिटं तिथेच बघत बसलो. या फेसाने माझे 26,500 खाल्ले होते.

आता किटकडे येतो. माळ्यावरचा ओरिजिनल पंप घेऊन गेलो. मामांनी मोटरला थेट बॅटरी देऊन फिरवून बघितली, मोटर ठणठणीत. डोकं उघडलं तर जुनी रिंग एका बाजूने इतकी झिजलेली की कागदासारखी झालेली, आणि सिलिंडरमध्ये काळी पूड. ड्रायर उघडला तेव्हा मात्र मलाच कसंतरी झालं. ड्रायरमध्ये सिलिका जेलचे दाणे असतात, हवेतलं पाणी शोषायला. कोरडे असताना साबुदाण्यासारखे सुटे हवेत, माझे निघाले भिजवून रात्रभर विसरलेल्या साबुदाण्यासारखे, पिवळट चिकट गोळा आणि खाली चिखल. कारण असं की नीट गाडीत फुग्यातली हवा खाली सोडताना त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर जाते आणि जाताना दाण्यातली ओल घेऊन जाते. माझी हवा परत येतच नव्हती, ती भेगेतून परस्पर पळत होती. म्हणजे ड्रायर नुसता पाणी पितोय, सुकायची सोय नाही, त्यात आपला पावसाळा. पुढे हेच पाणी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे चारही फुग्यांना हवा वाटणाऱ्या भागात जातं आणि तो अडकला की अजून वेगळा खर्च, माझा थोडक्यात वाचला.

किटमधली रिंग आणि स्लीव्ह फिट बसली, यात तक्रार नाही. सहापैकी एक ओ-रिंग सैल होती, मामांनी स्वतःच्या डब्यातून दुसरी लावली. सिलिका जेल किटमध्ये येतच नाही, ते वेगळं 200 रुपयांचं आणलं, आणि खरं तर ते नसेल तर किट अर्धवटच आहे, याचा एक स्टार कापला. अर्धा स्टार कागद न दिल्याबद्दल, कारण घरी स्वतः करणारे लोक आवाज कमी व्हावा म्हणून सिलिंडरमध्ये ऑइलचे थेंब टाकतात, ते अजिबात चालत नाही, ऑइल थेट ड्रायरच्या दाण्यांवर जाऊन बसतं. एवढी एक ओळ छापायला काय जातंय? ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवलेलं चालतं, तेवढंच. हवा आत घेणाऱ्या नळीवरचा छोटा फिल्टर पण बदलला, तो मातीने बुजलेला होता, त्याने पण पंपाला श्वास घेता येत नव्हता.

पुढचा डावा बेलो नवा टाकला, 31,000 ला, बाहेरच्या कंपनीचा. इथे पैसे लागणारच होते, किटने फाटलेलं रबर शिवलं जात नाही. बाकी रिले 380, लेबर 6,500, सगळं धरून 39,930. शेवटी मामांनी स्कॅनर काढला एकदाचा, चारही कोपऱ्यांची उंची मोजून कॅलिब्रेट केली, जुने एरर पुसले.

पंप आता पहिल्यापेक्षा किंचित जास्त वाजतो, नव्या रिंगमुळे असेल. पण सकाळी पाच-सात सेकंद वाजून गप्प होतो, कधी कधी वाजतच नाही. सात महिने झाले. त्यात दोनदा कोकण, एकदा महाबळेश्वर, आणि आमच्या सोसायटीच्या त्या भयाण स्पीडब्रेकरवरून रोज चार वेळा.

कुणाला घ्यायचं असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. पंप अजिबात आवाज करत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग कनेक्टरला 12 व्होल्ट येतात का ते मीटरने बघा. करंट येतोय आणि तरी मोटर हलत नाही, तर ती बहुतेक जळलेली, हे किट काही कामाचं नाही. पंप चालतोय पण गाडी उठत नाही, किंवा खूप वेळाने उठते, तिथे हे किट. पण त्याच्याही आधी टेप आणि खडू, रात्री आणि सकाळी. एकच कोपरा बसला तर त्या कोपऱ्याचा बेलो किंवा नळी, गाडी जागा बदलून बदलून बसत असेल तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर संशय. आणि पिशवीवरचा नंबर तुमच्या पंपावर कोरलेल्या नंबरशी जुळवा, गाडीच्या मॉडेलवर जाऊ नका, एकाच गाडीत वेगवेगळे पंप येतात.

मी टेप आता गाडीतच ठेवतो, बायको त्याला माझा स्टेथोस्कोप म्हणते. पुढचा उजवा बेलो पण त्याच वयाचा आहे, मामांनी डिसेंबरातच सांगून ठेवलंय की वर्षभरात तो पण हाक मारेल. तेव्हा रात्रीत 6 मिलिमीटर बसायचा. आज सकाळी मोजला, 11.