जुनी युद्धविमानं पुन्हा उडवणारे माहितीपट : बरेच महिने पाहिल्यानंतर

दुसऱ्या महायुद्धातली विमानं शोधायची, खोलायची आणि पुन्हा उडवायची, या कामावरचे टीव्ही माहितीपट मी गेले बरेच महिने नेमाने पाहतोय. इतकं पाहून झाल्यावर माझी एक कसोटी पक्की झाली आहे. समोरच्या विमानात मूळचं किती उरलंय आणि नवीन किती घातलंय, हे माहितीपट सरळ सांगतो का? जो सांगतो तो बहुधा बाकी सगळ्या बाबतींतही चांगला निघतो. जो हे टाळतो, त्यात संगीत फार आणि काम कमी असतं.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी चॅनल ४ वरच्या २०१४ सालच्या ‘गाय मार्टिन्स स्पिटफायर’चं नाव घेतो. गाय मार्टिन हा मोटरसायकल शर्यतपटू, पण मुळात ट्रक मेकॅनिक, त्यामुळे त्याचे हात कामात असतात. विमान आहे एन ३२०० क्रमांकाचं स्पिटफायर, म्हणजे ब्रिटनचं एका वैमानिकाचं लढाऊ विमान. मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून दोस्त सैन्य माघार घेत होतं, त्या वेळी स्क्वॉड्रन लीडर जेफ्री स्टीफन्सन यांनी ते कॅलेजवळ सँगाटच्या किनाऱ्यावर उतरवलं. विमानाची ती पहिलीच लढाऊ मोहीम होती. स्टीफन्सन जर्मनांच्या हाती पडले आणि विमान वाळूने गिळलं. १९८६ मध्ये ते वर आलं तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं समुद्राच्या खाऱ्या पाण्यात राहिलेल्या ॲल्युमिनियमचं काय होतं, ते दिसलं. त्यातलं फार थोडं पुन्हा उडण्याच्या लायकीचं होतं. बाकीचं नव्याने घडवावं लागलं. मग हे तेच विमान म्हणायचं का? मला वाटतं, हो. त्याचा क्रमांक, त्याची हकीकत आणि मूळ आराखड्याला धरून केलेलं काम यांची साखळी कुठे तुटलेली नाही. पण प्रेक्षकाला हा प्रश्न पडू दिला पाहिजे, आणि या माहितीपटात तो पडतो.

खरी मजा कारखान्यातल्या दृश्यांत आहे. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा एका चौकोनी नळीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा नळ्या घालून बनवलेला असतो. धडाजवळ नळ्यांचे थर जास्त, टोकाकडे कमी. म्हणजे जिथे भार जास्त तिथे धातू जास्त आणि टोकाला फुकटचं वजन नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की स्पिटफायरचे रचनाकार आर. जे. मिचेल यांच्या चमूचं डोकं किती बारकाईने चाललं होतं ते कळतं. पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या, म्हणजे रिव्हेट, मारताना बाहेरून एकजण हवेच्या दाबाची बंदूक चालवतो आणि आतून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, सगळं आवाजावर आणि हाताच्या अंदाजावर चालतं. काही जातींचे रिव्हेट आधी तापवून घेऊन वापरेपर्यंत थंड ठेवावे लागतात, नाहीतर मारायच्या आधीच कडक होऊन बसतात. चांगला दिग्दर्शक अशा ठिकाणी कॅमेरा हलवत नाही, निवेदन थांबवतो आणि नुसतं बघू देतो. रिव्हेटवरून आठवलं, त्या काळात अभियंत्यांनी स्पिटफायरच्या सपाट रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे चिकटवून विमान उडवलं होतं. गोल डोक्याच्या स्वस्त रिव्हेटमुळे वेग कितीने घटेल आणि ते कुठे चालून जातील, हे त्यांना पाहायचं होतं.

मॉस्किटो या ब्रिटिश लाकडी युद्धविमानावरचं चित्रण त्याहूनही दुर्मीळ. हे विमान प्लायवूड आणि बाल्सा लाकडाच्या थरांचं. धड लांबीत दोन भागांत साच्यावर घडवायचं, आतली बरीचशी जोडणी उघड्या भागांतच करून घ्यायची आणि मग दोन्ही भाग चिकटवायचे. जुनी विमानं लाकूड आणि सरस कुजल्यामुळे संपली, म्हणून पुन्हा उडवायचं तर आधी साचेच बनवावे लागतात. न्यूझीलंडमध्ये आर्डमोरला ही मेहनत फळाला आली आणि २०१२ मध्ये केए ११४ क्रमांकाचं मॉस्किटो उडालं. सुतारकामाची आवड असलेल्याने हे चुकवू नये.

आता तक्रारी. बहुतेक मालिकांत ‘हवाई प्रदर्शनाला फक्त तीन आठवडे उरले’ अशी घाई मुद्दाम उभी केलेली असते. प्रत्येक जाहिरातीआधी काहीतरी तुटतं आणि जाहिरातीनंतर ते किरकोळ निघतं. पैशांचा विषय कुजबुजीत आटपतात. तपासणी करणारे, कागदपत्रं पाहणारे, उड्डाणाचा परवाना देणारे लोक जवळपास दिसतच नाहीत. विमान उडायचं की नाही हे तर तेच ठरवतात! शिवाय स्पिटफायरचं मर्लिन इंजिन पहिल्यांदा सुरू होतं त्या क्षणावर व्हायोलिन कशाला? सत्तावीस लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन आहे, त्याचा आवाज पुरेसा आहे. हे माहितीपट हेडफोन लावून पाहा आणि जिथे संगीत नाही ते तुकडे पुन्हा लावा.

सगळ्यांत वरचं स्थान माझ्या लेखी एका अपयशाच्या गोष्टीला आहे. अमेरिकेतल्या पीबीएस वाहिनीच्या ‘नोव्हा’ मालिकेत ‘की बर्ड’ या बी-२९ जातीच्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानावरचा माहितीपट आहे. हे विमान युद्धानंतरचं, फेब्रुवारी १९४७ मध्ये वाट चुकून उत्तर ग्रीनलंडमधल्या गोठलेल्या तलावावर उतरलं. अकराही जणांची सुटका झाली, विमान तिथेच राहिलं. १९९४ मध्ये डॅरिल ग्रीनअमायर यांची तुकडी ते तिथूनच उडवून आणायला गेली. त्या थंडीत, उघड्यावर, चारही इंजिनं बदलली. प्रमुख अभियंता रिक क्रीग आजारी पडले आणि पुढे दवाखान्यात वारले. मे १९९५ मध्ये विमान बर्फावर धावू लागलं आणि शेपटीकडच्या जनित्रातलं इंधन गळून आग लागली. विमान जळून गेलं. हे पाहताना मी अक्षरशः सुन्न झालो. पण हट्ट कुठवर ताणावा, माणसाच्या जिवापुढे यंत्राची किंमत किती, हे इतक्या थेटपणे दुसऱ्या कुठल्याच माहितीपटाने माझ्यासमोर ठेवलेलं नाही.

याच्या शेजारी ग्रीनलंडमधल्याच ‘ग्लेशियर गर्ल’ या विमानाची गोष्ट ठेवून पाहावी. जुलै १९४२ मध्ये अमेरिकेची सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमानं बर्फावर उतरली. त्यातलं एक पी-३८, हीच ‘ग्लेशियर गर्ल’, पुढे २६८ फूट खोल सापडलं. गरम पाण्याने बर्फात विहीर पाडून १९९२ मध्ये ते सुटं करत वर काढलं आणि दहा वर्षांनी केंटकीत उडवलं.

प्रत्येक विमान उडवायलाच हवं असं मात्र नाही. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यातून २०१३ मध्ये काढलेल्या डॉर्निअर १७ या जर्मन बॉम्बफेकी विमानावर कॉस्फर्डच्या संग्रहालयात सायट्रिक आम्लाचे फवारे मारून क्षार आणि गंज उतरवत बसले. नवा पत्रा नाही, रंग नाही. टीव्हीला अशा संथ कामात रस कमी, पण मला तिथे फार समाधान मिळालं.

एक गोष्ट जवळजवळ सगळीकडे राहून जाते: विमानातली माणसं. लिंकनशायरमध्ये ईस्ट कर्कबीला पँटन बंधूंनी ‘जस्ट जेन’ हे लँकॅस्टर जातीचं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान सांभाळलं ते १९४४ च्या न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात गेलेल्या त्यांच्या थोरल्या भावासाठी. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांड या बॉम्बफेकी विभागाचे ५५,५७३ लोक युद्धात मारले गेले. तिथल्या दुरुस्तीचं चित्रण पाहताना प्रत्येक खुर्चीला कुणीतरी बसणारा होता हे जाणवत राहतं. ते विमान अजून उडालेलं नाही, काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. त्यावरचं पुढचं जे काही येईल ते मी पाहणार आहे. घाईचा घड्याळी खेळ करणाऱ्या मालिका मात्र मी आता बंद केल्या आहेत.